बिननावाची गिटार आणि दमेवाली मशीन

माझा नातू नागपुरात शिकतो. त्याच्या गिटारीची किंमत ऐकली तेव्हा मी उभी होते ती खाली बसले. पण सुट्टीत अहेरीला आला की आपली महागडी गिटार तो खोक्यातून बाहेरच काढत नाही, माझीच मागतो. मागच्या खेपेला तिची मान चाचपत म्हणाला, "नानी, अशा गिटारीले अंडररेटेड म्हणतात." म्हणजे काय रे बापा, मी विचारलं. तर म्हणे, जिची लायकी मोठी, किंमत छोटी, अन् लोकांचं जिच्याकडे ध्यानच जात नाही, ती. मी म्हटलं, असं असेल तर अर्धी अहेरी अंडररेटेड आहे. तो खूप हसला. पण ही गिटार आमच्या घरात टिकली कशी, हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या आईलाही मी कधी सगळं सांगितलेलं नाही. बोलायला बसले की मधेच दुसरीकडे जाते, ही माझी जुनी खोड. म्हणून आता लिहूनच ठेवते.

आमचं घर भोंगेवाल्यांचं. गावात कुणी अब्बांचं नाव विचारलं तर दोन माणसांना विचारावं लागे, पण "भोंगेवाले कुठी राह्यतात" म्हटलं की शेंबडं पोरगंही हात दाखवे. बाजाराच्या रस्त्याला पुढे दुकान, मागे आम्ही. पुढच्या खोलीत भिंतीला कर्णे टांगलेले, तोंडं सगळी घराच्या आतल्या बाजूला, जसे काही आम्ही जेवतो काय ते ऐकायलाच बसलेत. तारांची वेटोळी, माईकचे दांडे, मशिनी. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, पण तो शब्द आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसला नाही. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, शाळेचा पंधरा ऑगस्ट असो, आवाज आमचा. घरातलं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं झाडीकडचं मराठी. अम्मी सिरोंचाच्या बाजूची, तिला राग आला की तेलुगू. त्यामुळे तेलुगूत मला आजही फक्त रागावता येतं.

सकाळी जाग यायची ती अब्बांच्या फुंकरीनं. माईक घ्यायचे, फू फू करायचे, मग त्यांची ती परीक्षा सुरू. लोक "हॅलो हॅलो" करून माईक तपासतात, अब्बा सागाचं वाळलेलं पान तपासायला घेत. अंगणात पानांची कमी नव्हती. मला माईकसमोर उभं करायचे, हातात पान द्यायचे आणि स्वतः रस्त्याच्या पार पलीकडे, पानठेल्याजवळ जाऊन उभे राहायचे. हात वर केला की मी पान चुरगळायचं. तो चुरचुर आवाज त्यांना तिथं पान चुरगळल्यासारखा ऐकू आला तर मशीन पास. जरा खरखर मिसळली की नापास, आणि पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेऊन मशीनच्या पोटात डोकं. ते म्हणत, "शेवटच्या माणसाले असं वाटलं पाह्यजे का नवरदेवाचा मामा त्याच्या कानातच बोलून राह्यला." साफ आवाज. हाच त्यांचा धंदा आणि हीच त्यांची इज्जत. अम्मी आतून लाखोळीच्या डाळीचे वडे तळत असायची. तेलाचा चर्र आवाजही भोंग्यातून रस्त्याला जायचा, आणि पानठेल्यावरचे लोक विचारायचे, भाऊ, आज वडे का?

सगळ्या मशिनींत एकच कायमची नापास होती. काचेच्या व्हॉल्व्हची, म्हणजे बल्बासारख्या नळ्यांची, जुनी, जड. सुरू केली की तापायला वेळ घ्यायची, मग धापा टाकत बोलायची. अब्बा तिला दमेवाली म्हणत. लग्नाला तिला कधी नेलं नाही. बुधवारच्या बाजारात कुणाची गाय हरवली, कुणाचं पोरगं चुकलं, असल्या सूचना तेवढ्या तिच्यावरून व्हायच्या. गायीला काय, फाटक्या आवाजातही आपलं वर्णन चालतं. अहेरीत दमेवालीचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता.

आता गिटार. माझे हबीबमामा बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात विजेची कामं करायचे. त्यांच्या ओळखीचा एक ऑर्केस्ट्रा फुटला, सामान वाटलं गेलं, आणि कुणालाच नको असलेली एक विजेवरची गिटार मामांच्या वाट्याला आली. ती त्यांनी चादरीत गुंडाळून बसच्या टपावरून आमच्याकडे आणली. हेतू धंद्याचाच होता. माझा मोठा भाऊ रफीक सिनेमाची गाणी वाजवायला शिकेल, मग भोंग्यासोबत अब्बांना गिटारवालाही भाड्यानं देता येईल. चादर सोडली. रंग पिकल्या जांभळासारखा, कडेला टवके. डोक्यावर कंपनीचं नाव होतं तिथं आता नुसता डिंकाचा डाग. अम्मी म्हणाली, लाकडाची परात आहे का ही? रफीकनं आठवडाभर बोटं घासली. मग बोटांना फोड आले ते दाखवत गावभर फिरला आणि परत व्हॉलीबॉलला गेला. गिटार भिंतीला कर्ण्यांच्या शेजारी टांगली गेली, आणि सगळे बाहेर गेले की मी ती उतरवू लागले.

मला कुणी शिकवलं नाही. गावात शिकवणारं होतंच कोण? एका वरातीवाल्यानं दुकानात विसरलेली कॅसेट होती, वरचा कागद निघालेला. तिच्यात बाहेरच्या मुलखातली काही माणसं जीव तोडून ओरडत होती आणि त्यांच्या मागून गिटार अशी चालत होती जसा बांबूनं लादलेला ट्रक घाट चढतो. घर्रघर्र, पण लयीत. त्या आवाजानं मी वेडी झाले. त्याला हार्ड रॉक म्हणतात हे मला फार पुढे कळलं. मी त्याला ट्रकचं गाणं म्हणायची.

या गिटारीबद्दल मला दोन शब्द बोलू द्या, कारण तिच्याबद्दल चांगलं कुणी बोललंच नाही. तिची मान जाड, पण बाईच्या हाताला बसेल अशी, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात, जिथं दरवाजे फुगून लागत नाहीत, तिथं ती मान कधी वाकली नाही. तारा मिळायच्या नाहीत. सगळ्यात बारीक तार तुटली तेव्हा मी रफीकच्या सायकलच्या ब्रेकची वायर उसवून त्यातली एक काढून लावली. रफीक उतारावर नालीत गेला, पण तार टिकली. एवढंच की ती जास्त ताणली तर तुटायची भीती. म्हणून मी सगळ्याच तारा सैल ठेवल्या, पार खाली उतरवल्या. अन् गंमत बघा, सैल तारांवर तो ट्रक जास्तच भरलेला वाटू लागला. तारा छेडायची नखी साबणदाणीचं झाकण कापून केली होती. तुमच्यातल्या कुणाला असलं वाजवायचा नाद असेल आणि खिशात फार काही नसेल, तर दुकानात सगळ्यात मागे, धूळ खात टांगलेली एखादी असते, ती आधी उतरवून बघा. नाव बघू नका. मान सरळ आहे का बघा आणि मोठ्यानं वाजवल्यावर ती घाबरते का बघा. माझी कधी घाबरली नाही.

ती वाजवायची कशावर? चांगल्या मशिनींना हात लावायची मला परवानगी नव्हती. एकच मशीन होती जिचं काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं. मी गिटारीची वायर दमेवालीत घातली, ती तापेपर्यंत वाट पाहिली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि एका तारेला धक्का दिला. भिंतीवरचे सगळे कर्णे थरथरले. आणि कॅसेटमधला ट्रक आमच्या दुकानात शिरला. मी दोन्ही हातांनी तारा दाबून धरल्या, इतकी घाबरले. मग परत वाजवलं. नातवाकडे आता पायानं दाबायची एक डबी आहे. साफ आवाज तिच्यातून गेला की फाटतो, म्हणजे पैसे भरून आवाज बिघडवायचा. मला ती पाहून इतकं हसू आलं की त्याला राग आला. तेव्हा मला एवढं कुठं कळत होतं? मला वाटायचं, गिटारीचा आवाजच असा असतो.

अब्बांना मात्र वाटायचं, गिटार खराब आहे. ते आले की मी बंद करायची, पण रस्त्यापर्यंत आवाज जायचाच. पानठेल्यावरून लोक बोलायचे, भोंगेवाले, तुमची मशीन फाटली का? हे वाक्य म्हणजे अब्बांच्या तोंडावर चापट. ते घरात येऊन मला काही बोलायचे नाहीत. गिटार उलटीसुलटी करायचे, वास घ्यायचे, कानाला लावायचे. एकदा तिच्या पोटातली झाकणी उघडून आतल्या तारांचे सगळे टाके कथलानं नव्यानं मारले. तरी दमेवालीवर ती फाटायचीच. अम्मी म्हणायची, पोरीच्या जातीनं वाजवायचंच तर पेटी वाजव, निदान शेजारीण बसायला येईल.

त्या हिवाळ्यात चंद्रपूरचे एक ऑर्केस्ट्रावाले लग्नासाठी भोंगे ठरवायला आले. केस मानेपर्यंत, बोटात अंगठ्या. अब्बांनी मोठ्या आशेनं गिटार त्यांच्या हातात दिली. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ती अशी धरली जशी कुणी मेलेली घूस शेपटीला धरावी. म्हणाले, "भाऊ, ही शोकेसची आहे. हिच्यावर धूळ बसंल, सूर नाई बसत." आणि लगेच म्हणाले, द्यायची असेल तर मी नेतो. आमच्या मागच्या रांगेत एक पोरगं नुसतं नाचायला असतं, त्याच्या गळ्यात अडकवायला बरी दिसेल. वाजवायची नाही, दाखवायची. हबीबमामांशी त्यांची ओळख होतीच. ठरलं की मामा येतील तेव्हा घेऊन जातील. अब्बांना सुटल्यासारखं झालं. मी आत अम्मीजवळ जाऊन बसले. अंबाडीची भाजी निवडत होते, पण देठं भांड्यात आणि पानं बाहेर टाकत होते. अम्मीनं ते पाहिलं. संध्याकाळी जेवताना अब्बांच्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "रफीकचे अब्बा, शाळेच्या गॅदरिंगात तुम्ही फुकट भोंगे लावता. पोरगी एक डाव तं वाजवू द्या. मंग नेऊ द्या हबीबले." अब्बांनी भातावर वरण ओतून घेतलं. मग म्हणाले, ठीक, गॅदरिंगपर्यंत. मामांनाही त्याच दिवसाचं बोलावणं गेलं, म्हणजे कार्यक्रम पाहतील आणि चारच्या बसनं गिटार घेऊन जातील.

गॅदरिंग भर दुपारी असायचं, शाळेच्या पटांगणात. मंच बाकं जोडून केलेला, वर शेतातून आणलेली ताडपत्री. पुढे साहेब लोकांच्या खुर्च्या, मागे अख्खं गाव, बाजूला बोरं विकणाऱ्या बाया. आश्रमशाळेच्या मुली रेला हा गोंडी नाच करायला आल्या होत्या, केसांत पांढरी फुलं लावून, आणि त्यांच्यासोबत ढोल घेऊन लालसूबाबा. लालसूबाबा आमच्या बाजारातले ओळखीचे, मोहफुलं आणि चारोळी घेऊन यायचे, आणि दमेवालीवर सूचना चालू असली की तिच्या खोकल्यावर मान हलवायचे. मामा पहिल्याच बसनं आले होते आणि चादर घडी करून मांडीवर घेऊन बसले होते. त्या चादरीकडे मी बघत नव्हते.

अब्बा सकाळपासून नुसते हसून राहिले होते. मला वाटलं, गिटार जाणार म्हणून. मंचाजवळ गेले तर काय, त्यांनी माझ्यासाठी दुकानातली सगळ्यात नवी मशीन लावली होती. मंत्री आले तरच निघायची ती, वर कापड घातलेली असे. पान चुरगळून तपासून झालं होतं, पुरावा म्हणून चुरा मशीनवर तसाच. मला म्हणाले, "बेटा, आज तुयी गिटार साफ वाजते का नाई पाह्य." गिटारीचा दोष आपल्या सगळ्यात चांगल्या मशीननं झाकला जाईल, पोरीची लाज राहील, असं त्यांच्या मनात होतं. बापानं एवढं केल्यावर मी काय बोलणार? मलाही तेव्हा कुठं ठाऊक होतं काय होणार ते.

माझं नाव पुकारलं. मी चढले, पट्टा खांद्यावर घेतला, ट्रकचा पहिला सूर मारला.

टिंग.

वाटीवर चमचा आपटावा तसा. साफ. इतका साफ की माझी नखी तारेला घासल्याचं शेवटच्या रांगेत ऐकू गेलं असेल. मी परत मारला. टिंग, टिंग, टुंग. ट्रक कुठेच नाही, पोराच्या तिचाकी सायकलची घंटी. पुढच्या रांगेत एक साहेब जांभई द्यायला लागले. माझ्या वर्गातल्या मुलींनी एकमेकींच्या खांद्यात तोंडं लपवली. रफीकनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आणि अब्बा मशीनजवळ उभे, त्यांचा चेहरा फुललेला. त्यांना ते फार सुंदर वाटत होतं. मी वाजवत राहिले आणि जसजशी वाजवत गेले तसं कळत गेलं, की एवढे महिने गिटार एकटी वाजत नव्हती. ती आणि दमेवाली मिळून वाजत होत्या. आणि आता असंच शेवटपर्यंत वाजवलं तर टाळ्या पडतील, मामा चादर उघडतील, आणि ही गिटार चंद्रपूरला एका नाचणाऱ्या पोराच्या गळ्यात जाईल, आणि ते बरोबरच होतं असं सगळ्यांना वाटेल.

मी थांबले. माईक समोरच होता, त्यामुळे हळू बोलले तरी गावभर गेलं.

"अब्बा, दमेवाली लावा."

आधी कुणाला समजलं नाही. मग बोरांवाल्या बायांकडून हसू सुटलं आणि खुर्च्यांपर्यंत पोचलं. अहेरीत ती मशीन कुणाला ठाऊक नव्हती? मास्तर एकमेकांकडे पाहू लागले. आमच्या मुख्याध्यापिका बाई उठून म्हणाल्या, बाळ, हे छान चाललंय की. अब्बा मंचाच्या कडेला आले. माईकवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता, तारेकडे बघत बोलले.

"लोकं म्हणतीन, भोंगेवाल्यानं पोटच्या पोरीले खराब मशीन देली."

"म्हणू द्या ना, अब्बा."

"ती फाटते ना बेटा."

"मले तसंच पाह्यजे. माझा आवाज तिच्यातच आहे."

एवढंच बोलले मी. अब्बांनी माईकवरचा हात काढला नाही. भर सभेत, साहेबांसमोर, ज्या मशीनला ते लग्नाच्या मांडवापर्यंत नेत नव्हते ती आणून मंचावर ठेवायची. त्यांच्या धंद्याची सगळी इज्जत पाच-पन्नास कर्ण्यांवर उभी होती आणि मी तिलाच हात घातला होता. मग त्यांनी रफीकला हाक मारली, आणि दोघं पटांगणातून दुकानाकडे निघाले. लोकांना वाटलं, भोंगेवाले रागावून घरी गेले.

ते परतले तेव्हा दमेवाली दोघांच्या मधे पाळण्यासारखी झुलत येत होती. आता तिला तापायला वेळ लागतो, हे सांगितलंच. इतका वेळ मंचावर गिटार घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. लोक उठायला लागले. बाई पुढच्या नाचाचं नाव पुकारायला माईककडे येत होत्या. तेवढ्यात लालसूबाबांनी बसल्या जागी ढोलावर हळूच थाप दिली. मोठी नाही, घरचा माणूस चहा उकळेपर्यंत पाटावर बोटं वाजवतो तशी. आश्रमशाळेच्या मुलींनी पाय हलवले. उठलेले लोक परत बसले. मशीनच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी होताना मला दिसत होते.

मग अब्बांनी माईक हातात घेतला. बुधवारच्या बाजारातला त्यांचा आवाज, हरवल्या-सापडल्याचा, तोच काढला.

"सूचना. सर्व बंधुभगिनींस कळविण्यात येते का आता जो आवाज येईन, तो मशीनचा बिघाड नाई. पोरीले तसाच पाह्यजे आहे. कोणी घाबरू नये. मशीन आमचीच आहे."

आणि आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं शेवटपर्यंत फिरवलं.

काय वाजवलं ते लिहून सांगता येत नाही. ताडपत्री फडफडली. झाडावरचे बगळे उठले. पुढचे एक साहेब खुर्ची मागे ओढू लागले आणि मागची पोरं पुढे सरकू लागली. बांबूचा ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानं आला, शाळेच्या फाटकातून आत शिरला आणि मंचावर येऊन उभा राहिला, एवढंच मला ठाऊक. मधेच माझी लय घसरली. एकटी असते तर तिथंच संपलं असतं. पण लालसूबाबांचा ढोल अजून चालू होता, आणि त्यानं मला बैलाला वळवावं तसं हळूच परत रस्त्यावर आणलं. मग आम्ही दोघं चाललो. गिटारवर कसलं गाणं आणि ढोलावर कसलं, पण ते जमलं. मुली उठून नाचू लागल्या, हात एकमेकींच्या कमरेला, पाय रेल्याचे, वर बाहेरच्या मुलखातला ट्रक. मी घामानं भिजले होते आणि हसत होते. बोटातून रक्त आलं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

संपलं तेव्हा टाळ्या पडल्या का, मला आठवत नाही. मला आठवतं ते लालसूबाबांनी विचारलेलं, "बाई, याच्या पोटात इंजन बसवलं का?" मी म्हटलं, अब्बांनी बसवलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, वेगळं होतं. मास्तरांच्या भाषेत वेगळं म्हणजे काय, हे शाळेत गेलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं. अम्मी बायांच्या घोळक्यात बसून डोळे पुसत होती आणि तेलुगूत काहीतरी म्हणत होती. ते रागाचं नव्हतं, त्यामुळे मला कळलं नाही.

दुपार कलली. नाच झाले, बक्षिसं झाली, लोक पांगले. मी मंचाच्या मागे गिटार मांडीवर घेऊन बसून होते. उठून पुढे जायचा धीर नव्हता, कारण मामा चादर झटकत येताना दिसत होते. अब्बा तारा गोळा करत होते. तळहात आणि कोपर यांच्या मधून तार गुंडाळायची त्यांची रीत, एकसारखी, पीळ न पडू देता. तार गुंडाळताना ते कुणाकडे बघत नसत.

मामा म्हणाले, "दुलाभाई, बस लागली असन. बांधू का गिटार?"

"नेता येत नाई, हबीबमियाँ."

"काऊन?"

"दमेवालीले आता ती लागते. तिच्याशिवाय ती मशीन चालत नाई."

हबीबमामांनी अर्धं आयुष्य विजेच्या तारांमध्ये काढलं होतं. गिटारीशिवाय मशीन चालत नाही, हे त्यांना पटवायला निघालेला माणूस अहेरीत दुसरा झाला नसता. त्यांनी अब्बांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चादरीची घडी परत घातली. मिशीतल्या मिशीत हसू दाबत म्हणाले, "असं आहे तं मशीनबी घेऊन जातो. दोघीले संगच ठेवू."

अब्बांनी तारेचा आणखी एक फेरा कोपरावरून घेतला.

"मशीन पोरीशिवाय चालत नाई," ते म्हणाले. "अन् पोरगी मी देत नाई."